श्रीरामपूरचा आमदार कुणाच्या बळावर?

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत श्रीरामपूरच्या मतदानयंत्रावर भाऊसाहेब कांबळे यांच्या नावासमोर काँग्रेसचा हात होता आणि लहू कानडे यांच्यासमोर शिवसेनेचा धनुष्यबाण. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कानडे यांच्यासमोर हात होता आणि कांबळे यांच्यासमोर धनुष्यबाण. आणखी पाच वर्षांनी कांबळे पुन्हा धनुष्यबाणावरच उभे होते, पण ती शिवसेना एकनाथ शिंदे यांची होती. विद्यमान आमदार असलेले कानडे अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे घड्याळ घेऊन मैदानात होते आणि हात हेमंत ओगले या तिसऱ्याच उमेदवाराकडे गेला होता. तिन्ही वेळा निवडून आला तो हातवालाच.

याला पक्षांतराची नेहमीची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. राज्यात गेल्या दहा वर्षांत इतके पक्ष फुटले की कुणी कुठून कुठे गेले याचा हिशेब ठेवणेही लोकांनी सोडले आहे. पण श्रीरामपूरच्या या अदलाबदलीमागे वेगळी गोष्ट आहे. ती कांबळे किंवा कानडे यांच्या स्वभावात शोधायला गेलो तर सापडणार नाही. राखीव मतदारसंघात आमदार घडतो कसा आणि मोडतो कसा, हे समजून घेतले तरच ती कळते.

आधी थोडा मागचा हिशेब. श्रीरामपूर हे तसे नवे गाव. प्रवरेकाठचे बेलापूर जुने. दौंड–मनमाड लोहमार्गावर त्याचे स्टेशन झाले, स्टेशनभोवती बाजारपेठ उभी राहिली आणि त्या पेठेचे शहर झाले. रेल्वेच्या पाटीवर आजही बेलापूरच आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी पाणी आणले आणि त्या पाण्यावर ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, टिळकनगरला डहाणूकरांचा. देशातली सहकारी साखर कारखानदारी शेजारच्या लोणीत सुरू होण्याच्या कितीतरी आधी इथे खासगी कारखान्यांची धुराडी पेटली होती. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. जमिनी देणाऱ्या या खंडकऱ्यांना त्या परत मिळवण्यासाठी २०१२ च्या कायदादुरुस्तीपर्यंत झगडावे लागले. हरेगाव परिसरातल्या नऊ गावांच्या आकारी पडित (सरकारजमा) जमिनींचा प्रश्न त्याहून जुना, थेट पहिल्या महायुद्धाच्या काळातला.

पाणी, ऊस आणि जमीन या तिन्हींच्या नाड्या ज्याच्या हातात, तो इथला पुढारी. खानापूरचे आदिक बंधू याच मातीतले. रामराव आदिक वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री झाले, गोविंदराव राज्याच्या काँग्रेसमधले मोठे नाव ठरले. माजी आमदार भानुदास मुरकुटे यांचा गड म्हणजे अशोक सहकारी साखर कारखाना. जयंत ससाणे यांचा पाया नगरपालिकेत होता, तिथून ते १९९९ आणि २००४ मध्ये काँग्रेसतर्फे विधानसभेवर गेले. कारखाना, पालिका, बाजार समिती, गावोगावच्या सोसायट्या, शिक्षणसंस्था यांतले एखादे तरी ठाणे प्रत्येकाच्या ताब्यात होते. आमदारकी हरली तरी ठाणे राहायचे आणि पाच वर्षांनी त्याच ठाण्यावरून पुन्हा उठता यायचे.

मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. २००९ च्या निवडणुकीपासून श्रीरामपूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तालुक्याला राहुरीच्या देवळाली प्रवरा भागाची गावे जोडली गेली आणि मतदारसंघाचा क्रमांक झाला २२०. त्याआधी नगर जिल्ह्यातली अनुसूचित जातींची राखीव जागा दक्षिणेत, कर्जतला होती. तिथून भाजपचे सदाशिव लोखंडे लागोपाठ निवडून येत होते. ती जागा खुली झाली आणि आरक्षण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उसाच्या पट्ट्यात आले. शिर्डी लोकसभाही त्याच वेळी राखीव झाली. विखे, थोरात, काळे, कोल्हे, मुरकुटे, आदिक, ससाणे अशा मातब्बर घराण्यांच्या या मुलखात खासदारकी आणि एक आमदारकी एकाच फटक्यात त्यांच्या हातून सुटली, असे कागदावर तरी दिसले.

प्रत्यक्षात सुटली ती फक्त उमेदवारी. बाकीचे सगळे होते तिथेच राहिले.

सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात जास्तीत जास्त २१ जण असतात आणि त्यात अनुसूचित जाती व जमाती मिळून एकच जागा राखीव असते. १८ जणांच्या बाजार समितीतही या घटकासाठी एकच जागा, तीही ग्रामपंचायत मतदारसंघातली. म्हणजे राखीव मतदारसंघातून सुमारे तीन लाख मतदारांचा आमदार होणाऱ्या माणसाला त्याच तालुक्यातल्या कारखान्याच्या बोर्डावर बसायचे असेल, तर एकाच खुर्चीची वाट पाहावी लागते आणि ती खुर्चीही पॅनेलप्रमुख सांगेल त्यालाच मिळते. ऊस कुणाचा आधी तुटायचा, सोसायटीचे कर्ज कुणाचे नवे-जुने करून घ्यायचे, कामावर कुणाला लावायचे, हे रोजचे निर्णय त्या बोर्डावर होतात. निवडणुकीत गाड्या, कार्यकर्ते, बूथवरची माणसे, शेवटच्या दोन रात्रींची रसद येते तीही तिथूनच. आमदाराच्या हाती वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, शासनाकडून आणखी कामे मंजूर करून आणता येतात. पण निधीतून रस्ता होतो, सभामंडप होतो. माणसे बांधून ठेवणारी यंत्रणा त्यातून उभी राहत नाही.

भाऊसाहेब कांबळे यांची कारकीर्द या दृष्टीने पाहावी. २००९ मध्ये ससाणे यांना स्वतःला उभे राहता येणार नव्हते. त्यांच्या गटाच्या पाठबळावर कांबळे काँग्रेसचे उमेदवार झाले आणि आमदार झाले. २०१४ ला मोदी लाटेत, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढत असताना, त्यांनी ती जागा राखली. त्यांना ५७ हजारांच्या आसपास मते पडली. दुसऱ्या क्रमांकावर भाजपचे भाऊसाहेब वाकचौरे, तिसऱ्यावर शिवसेनेचे कानडे. राज्यात काँग्रेस ४२ जागांवर घसरली त्या वर्षीचे हे यश होते, ते कमी लेखता येणार नाही. सलग दहा वर्षे आमदार राहिलेल्या माणसाची लोकांशी ओळख असते, सुखदुःखात येणे-जाणे असते. ती त्यांची स्वतःची कमाई होती.

पण २०१८ मध्ये ससाणे यांचे निधन झाले आणि वर्षभरात सगळी मांडणी बदलली. २०१९ ला काँग्रेसने कांबळे यांना शिर्डी लोकसभेला उतरवले. समोर शिवसेनेचे लोखंडे, तेच कर्जतचे माजी आमदार. सुजय विखे भाजपमध्ये गेलेले, आणि राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेसचे विधानसभेतले विरोधी पक्षनेते राहिलेले असूनही त्यांचे वजन लोखंडे यांच्या मागे पडलेले. कांबळे सुमारे १ लाख २० हजार मतांनी हरले. विधानसभेच्या तोंडावर त्यांनी काँग्रेस सोडून शिवबंधन बांधले. काँग्रेसची प्रदेशाध्यक्षपदाची सूत्रे तेव्हा संगमनेरच्या बाळासाहेब थोरातांकडे होती. उमेदवारी कानडे यांना मिळाली आणि त्यांनी कांबळे यांचा जवळपास १९ हजार मतांनी पराभव केला. दोन वेळा निवडून दिलेल्या आमदाराला मतदारांनी नाकारले, असे या निकालाचे सरळ वर्णन करता येते. ते अपुरे आहे. कांबळे यांना २०१९ मध्ये जवळपास ७५ हजार मते मिळाली होती, म्हणजे जिंकले त्या २०१४ पेक्षा कितीतरी जास्त. त्यांची मते घटली नव्हती. समोरची मोट मोठी झाली होती.

लहू कानडे यांची वाट वेगळी. प्रशासकीय सेवेतून निवृत्त झालेला अधिकारी आणि मराठीतला ओळखीचा कवी. परिवर्तनाच्या चळवळीशी नाते सांगणारा लेखक विधानसभेत बसतो, हे महाराष्ट्रात वारंवार घडत नाही, म्हणून त्यांच्या निवडीचे साहित्यवर्तुळात कौतुक झाले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिर्डीचे खासदार झालेले वाकचौरेही सरकारी नोकरीतूनच आले होते. राखीव जागांवर निवृत्त अधिकारी इतके का दिसतात? कारण सहकाराच्या शिडीवर ज्यांना पायच ठेवता आला नाही, त्यांच्यासाठी शिक्षण आणि नोकरी हीच प्रतिष्ठेची दुसरी शिडी होती. अधिकाऱ्याला शासनाच्या योजना कळतात, फाइल कुठे अडते ते कळते, गावपुढाऱ्यांशी ओळखी असतात. फक्त त्याच्या मागे स्वतःचा गट नसतो. आणि उमेदवारी देणाऱ्यांना बहुधा तेच सोयीचे वाटते.

२०२४ मध्ये कानडे यांना त्याचा अनुभव आला. विद्यमान आमदार असताना काँग्रेसने त्यांची उमेदवारी कापली आणि युवक काँग्रेसमधून वर आलेल्या ओगले यांना दिली. जयंत ससाणे यांचे पुत्र करण ससाणे यांचा गट ओगले यांच्या बाजूने होता. कानडे अजित पवारांकडे गेले. पण महायुतीतच शिंदे यांच्या शिवसेनेने कांबळे यांनाही उभे केले होते, त्यामुळे एकाच युतीचे दोन माजी-आजी आमदार एकमेकांसमोर आले. ओगले सुमारे १३ हजारांनी जिंकले, कांबळे दुसरे, कानडे तिसरे. त्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या १२ पैकी १० जागा महायुतीने घेतल्या, खुद्द थोरात संगमनेरमध्ये पडले आणि राज्यात काँग्रेसला अवघ्या १६ जागा मिळाल्या. त्या १६ मध्ये श्रीरामपूर होते.

१९९९ पासून सहा निवडणुका इथे काँग्रेसच जिंकत आली आहे. दलित, मुस्लिम, ख्रिस्ती आणि शहरातला कष्टकरी मतदार यांची जी जुनी बांधणी आहे, ती पक्षाच्या चिन्हाला धरून आहे. तेव्हा मतदार चंचल आहे म्हणून आमदार बदलतात, असे कुणी म्हणू नये. या मतदारसंघात मतदारच सर्वात स्थिर आहे. हलतात ते उमेदवारी ठरवणारे.

हा प्रश्न नवा नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे हाच पेच होता. स्वतंत्र मतदारसंघ सोडायचा, संयुक्त मतदारसंघ स्वीकारायचा, पण मग सर्वांच्या मतांवर निवडून येणारा आपला प्रतिनिधी नेमका कुणाचा राहणार? राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, हे आपल्याला शाळेत सांगतात. त्या करारातली दुसरी तरतूद फारशी सांगितली जात नाही. राखीव जागेसाठी आधी प्राथमिक निवडणूक व्हायची, त्यात फक्त दलित मतदार मत देणार आणि चार उमेदवारांची यादी ठरवणार. मग त्या चौघांतून सर्व मतदार एकाला निवडणार. उमेदवार कोण असावा, यात समाजाला पहिला शब्द होता. ही व्यवस्था दहा वर्षांपुरतीच ठरली होती आणि पुढे संविधानात ती आली नाही. राखीव जागा राहिल्या, पहिला शब्द गेला. आज तो शब्द पक्षश्रेष्ठींचा, जिल्ह्यातल्या नेत्याचा आणि तालुक्यातल्या गटाचा आहे.

शिर्डीतच २००९ मध्ये याचे ठळक उदाहरण दिसले. रामदास आठवले हे देशभर ओळख असलेले आंबेडकरी नेते. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर ते इथून उभे राहिले आणि शिवसेनेच्या वाकचौरे यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी हरले. स्वतःचा पक्ष, स्वतःची माणसे, स्वतःचा आवाज असलेला नेता पडला. पुढे वाकचौरे काँग्रेसमध्ये आले तेव्हा तेही पडले, लोखंडे यांच्याकडून, तेही जवळपास दोन लाखांनी. २०२४ ला उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून त्यांनी लोखंडे यांना हरवले. इथेही तीच माणसे फिरत राहतात आणि त्यांच्या मागची यंत्रणा ठरवते की या खेपेला कोण.

आरक्षणाच्या चौकटीतूनही काही माणसे बाहेर राहतात, तेही नोंदवले पाहिजे. हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, लांबून भाविक येतात. या पट्ट्यात दलितांमधून ख्रिस्ती झालेली असंख्य कुटुंबे आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, नंतर शीख आणि १९९० पासून बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. वस्ती तीच, मजुरी तीच, वागणूकही तीच, पण दलित ख्रिस्ती कार्यकर्ता आपल्याच राखीव मतदारसंघात अर्ज भरू शकत नाही.

आणि याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांसह चौघांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. राज्यभर संताप उसळला, अटका झाल्या, नेते येऊन गेले. मतदारसंघ राखीव होऊन तेव्हा १४ वर्षे झाली होती. आमदार दलित समाजातला असला म्हणजे असे प्रकार थांबतील, अशी भाबडी अपेक्षा मी ठेवत नाही. मात्र गावात हात उगारताना कुणाला धाक वाटावा, एवढे बळ त्या पदामागे उभे राहिलेले नाही, हे त्या दिवशी उघडे पडले. पद मुंबईत मोठे असते. गावात मोजले जाते ते पदामागचे बळ.

पाण्याचेही तसेच. भंडारदऱ्यात ११ टीएमसी पाणी मावते, निळवंड्यात आठाच्या वर. अकोले आणि संगमनेर वरच्या अंगाला, लोणी-राहाता मध्ये आणि श्रीरामपूर कालव्यांच्या शेपटाकडे. त्यात २००५ च्या कायद्याने जायकवाडीच्या समन्यायी वाटपाचे बंधन आले, म्हणजे तूट असलेल्या वर्षी वरून पाणी खाली सोडायचेच. आवर्तन किती दिवसांचे, कधी सुटणार, पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज किती क्षेत्रासाठी घ्यायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. तिथे प्रत्येक आमदार बोलतो. पण एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या कारखाना आणि मंत्रिपदे सांभाळलेली माणसे आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या खेपेला आपल्यालाच तिकीट मिळेल की नाही याची खात्री नसलेला आमदार. टेलच्या शेतकऱ्याचे भांडण त्याने किती ताणायचे? हा तोटा फक्त दलितांचा नाही. शेपटाकडच्या मराठा, माळी, धनगर, मुस्लिम शेतकऱ्याचाही तो तितकाच आहे. दुबळा आमदार साऱ्या तालुक्यालाच महागात पडतो. जिल्हा विभाजन झाले तर मुख्यालय श्रीरामपूरला, ही मागणी इथल्या लोकांनी किती वर्षे लावून धरली. २०२३ मध्ये सरकारने अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर केले ते शिर्डीला.

ओगले यांची पहिलीच टर्म आहे, त्यांच्या कामाचा निवाडा करण्याची ही वेळ नाही. ते तरुण आहेत, संघटनेतून आले आहेत, विरोधी बाकावर आहेत. त्यांच्यापुढचा खरा पेच मात्र आधीच्या दोघांचाच आहे. ज्या गटाच्या बळावर निवडून आले त्याच्याबाहेर स्वतःची माणसे उभी करायची की नाही? उभी केली तर गट दुरावतो, नाही केली तर पाच वर्षांनी पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते. कांबळे आणि कानडे दोघेही याच पेचात अडकले, म्हणून त्यांना पक्षांतर करणारे म्हणून हिणवणे मला पटत नाही. मुरकुटे, आदिक, ससाणे या घराण्यांतल्या कुणाची उमेदवारी हुकली तर त्यांना परतायला कारखाना होता, पालिका होती. २०१६ मध्ये अनुराधा आदिक थेट लोकांमधून नगराध्यक्षा झाल्या, त्यामागे त्यांचे वडील गोविंदराव यांनी बांधलेले घर होते. राखीव जागेवरच्या आमदाराला उमेदवारी हुकली की परतायला दुसरा पक्ष सोडून काहीच नसते.

आता यात बदल होण्याची वेळ जवळ येत आहे. मतदारसंघांच्या सीमा आणि राखीव जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत. जनगणना २०२७ मध्ये होणार आहे. त्यानंतरच्या पुनर्रचनेत कर्जतचे झाले तेच श्रीरामपूरचे होऊ शकते, जागा खुली होऊ शकते. किंवा १०६ व्या घटनादुरुस्तीनुसार महिलांचा एक तृतीयांश वाटा लागू झाला तर राखीव जागांतही महिलांची जागा निघू शकते. राखीव झाल्यापासून इथून निवडून गेलेले तिघेही पुरुषच आहेत.

म्हणून श्रीरामपूरकरांना विनंती आहे. पुढच्या वेळी कारखान्याचे, बाजार समितीचे, सोसायटीचे पॅनेल दारात येईल तेव्हा त्या एका राखीव खुर्चीवर कोण बसणार आणि त्याला तिथे बोलू देणार का, हे विचारा. पक्षांची तिकिटे ठरण्याआधी वस्त्यांमध्ये, वाड्यांवर बैठका घेऊन आपला उमेदवार कोण असावा याचा ठराव करा आणि तो पक्षांपुढे ठेवा. १९३२ च्या करारातला तो पहिला शब्द कायद्याने आता मिळणार नाही, पण लोकांनी एकत्र येऊन उच्चारायला कुणाची बंदी नाही. जागा राखीव आहे तोवर हे करता येईल. ती हलली, तर कर्जतकरांसारखी फक्त आठवण उरेल.